सालहाने स्ट्रेचर परत फिरवलं

बीर लख्दर गावच्या अँब्युलन्सला कधी उशीर म्हणून झाला नाही. पेशंट दवाखान्याच्या पायरीवर आला, की चार मिनिटांत, फार तर पाच, गाडी धुरळा उडवत फाटकाबाहेर. आम्हाला त्याचा केवढा माज! ट्युनिशियाच्या पार खालच्या टोकाला आमचं गाव, तातावीनच्याही खाली. मेंदूचं, काळजाचं, फुप्फुसाचं काही झालं तर इलाज स्फाक्सला, चार तासांवर. तेव्हा निघायचं ते पळतच, अशी गावाची समजूत.

या गाडीत बावीस वर्षं मागच्या बाकावर बसली ती सालहा धवादी. अख्खं गाव तिला लल्ला सालहा म्हणतं. लल्ला म्हणजे ताईच, पण जरा दबकून म्हणायची. बाप मेंढ्या वळायचा. ही अठराव्या वर्षी दवाखान्यात फरशी पुसायला लागली. एका म्हाताऱ्या डॉक्टरने पाहिलं, की पोरगी फरशी पुसता पुसता सलाईनचे थेंब मोजते. त्याने तिला सुई धरायला शिकवली. मग शाळा पुन्हा, परीक्षा पुन्हा, दोन वेळा नापास, तिसऱ्यांदा नर्स. त्या गाडीत तिच्या हातावर अकरा पोरं जन्मली. त्यांतल्या चार पोरींची नावं सालहा. शाळेत बाईंनी ‘सालहा’ अशी हाक मारली, की चार हात वर होतात.

वाटेत गेलेली किती, ते ती सांगत नाही. पण मोजलेलं आहे तिने.

मुख्तार मास्तरांचं मी सांगतो, कारण मी तिथे होतो. छाती भरली होती त्यांची. गाडी दारात उभी, आणि आम्ही तीसेक माणसं तिच्या पत्र्यावर मुठी आपटत होतो. ‘निघा! माणूस मरतोय, निघा!’ सालहाला सिलिंडरच्या काट्याकडे बघायलाही आम्ही उसंत दिली नाही. स्फाक्स तासाभरावर असताना ऑक्सिजन संपला. गावात बातमी आली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, की दवाखान्याने मारलं.

त्यानंतर आम्ही फाटकासमोर बसलो. तीन वर्षं. टायर जाळले, रस्ता अडवला, पत्रं लिहिली. आरोग्य खात्याच्या साहेबांना नकाशा दाखवला, तर साहेबांचं बोट जिथे टेकलं, त्या बोटाखालीच आमचं गाव झाकलेलं! शेवटी साहेब म्हणाले, गाडी आहे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, औषधाचे पंप, सगळं आत. अतिदक्षता विभागच समजा, चाकांवरचा. पण ती वापरायला शिकलेली माणसं कुठायत तुमच्याकडे? दोन नर्स आणि एक ड्रायव्हर प्रशिक्षणात पास करून दाखवा, गाडी तुमची. नाही तर डोंगरावरच्या गावाला देऊ, त्यांची माणसं तयार आहेत.

दवाखान्यात गाडीबरोबर जाऊ शकतील अशा नर्स दोनच. एक हैथम, तरुण, फ्रेंच फडाफड बोलणारा, यंत्राशी दोस्ती असलेला. दुसरी सालहा, बावन्न वर्षांची. ड्रायव्हर एकच, अम्म लझहर, म्हणजे लझहरकाका. तिघांतला एक जरी पडला तरी गाडी डोंगरावर.

शिकवायला स्फाक्सहून डॉक्टर रफला आली. बुटकी बाई, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया, आणि जीभ अशी, की आमच्या बाजारातल्या मासळीवाल्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. आठ आठवडे दर शनिवारी युवक भवनाच्या हॉलमध्ये वर्ग. तिने एक रबरी माणूस आणला होता. त्याला श्वास होता, नाडी होती, आणि दोन्हींची बटणं रफलाच्या हातात. सालहाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं सी बशीर, म्हणजे बशीरराव, आणि पांघरूण सारखं केलं. आठवडाभरात गावात लोक विचारायला लागले, ‘सी बशीर कसा आहे आता?’

रफलाचं सगळं शिकवणं एका गोष्टीभोवती फिरायचं. पेशंटला हलवलं, की तो नवा पेशंट झाला. पलंगावरून स्ट्रेचरवर घेतला, तपासा. स्ट्रेचर गाडीत चढवलं, पुन्हा तपासा. श्वासाची नळी, हवा, औषध, सगळं पहिल्यापासून. आणि रस्ता मोजायचा तो दुप्पट. चार तासांचा रस्ता असेल तर आठ तासांची हवा घ्या.

“आणि घाई?” अम्म लझहरने विचारलं. हा माणूस तातावीन सत्तेचाळीस मिनिटांत गाठायचा आणि लग्नाकार्यात ते सांगायचा.

“घाई दवाखान्याच्या आत करा, हातांनी,” रफला बी सोलत म्हणाली. “रस्त्यावर नको.”

तिने स्ट्रेचरवर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, चालवा. पहिल्या वळणावर सी बशीरने अख्खा चहा अंगावर घेतला. लझहर लालबुंद. “मला काय गाढव हाकायला लावलंय?” पण महिनाभरात तो ग्लास थरथरायचाही थांबला. लझहर पास झाला. हैथम तर हसत हसत पास झाला.

सालहा पडली.

पडली कशी, तर सी बशीरला तयार करायला पाऊण तास होता, आणि ही पाच मिनिटांत निघाली. हॉल रिकामा, समोर फक्त रफला आणि तिची वही. सिलिंडरचा काटा पाव रेघेवर, तो हिने पाहिलाच नाही. चाळीस मिनिटांचा रस्ता झाला असं धरून रफलाने सांगितलं, “हवा संपली.” सालहा तिथेच खुर्चीवर बसली.

मला कळलं तसा मी तणतणत युवक भवनात गेलो. रफला यंत्रं पेटीत भरत होती.

“बावीस वर्षं तिने या गावाची माणसं वाहिलीत,” मी सुरू झालो, “आणि तुम्ही तिला एका रबराच्या बाहुल्यापायी नापास करता? शहरातनं यायचं, बिया खायच्या, आणि आमच्या—”

“झालं?” ती म्हणाली. “की टायरही आणलाय जाळायला?”

मी वरमलो. माझी कीर्ती स्फाक्सपर्यंत गेलेली बघून जरा बरंही वाटलं.

“मी विचारलं तिला, की घाई का केलीस,” रफला म्हणाली. “हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. काय म्हणाली माहितीय? ‘डॉक्टर, मला ते पत्र्यावर मुठी आपटतायत ते ऐकू येतं.’ कोण आपटतं हो मुठी?”

“आम्ही,” मी म्हणालो.

“मग छान. तिला एक संधी आणखी आहे, येत्या शनिवारी. रिकाम्या हॉलमध्ये मी तिची परीक्षा घेणार नाही. तुमची माणसं आणा. तीच, जी खरोखर येतात. नाटक करायचं नाही. जे दर वेळी करता तेच करा. आणि तिला आधी कळू द्यायचं नाही.”

“ती आणखीच बिथरेल!”

“बिथरली तर गाडी डोंगरावर जाईल,” रफला म्हणाली. “पण तुमच्या या गर्दीपुढे जी टिकत नाही, तिच्या हाती ती गाडी देऊन मी काय करू? सांगा ना.”

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. माझ्यासकट बारा माणसं गोळा केली. पंक्चरवाला जिलानी, त्याचा हात म्हणजे फावडं. हाज मिलूद, वय ऐंशी, आवाज वीस वर्षांचा. बाकीचे कॅफेतले. त्यांना सांगितलं, की सी बशीर तुमचा बाप आहे असं समजा. जिलानी म्हणाला, “माझ्या बापाशी माझं बोलणं नाही.” म्हटलं, मग सासरा समज. म्हणाला, “मग तर नकोच न्यायला.” असली माणसं घेऊन मी गावाची गाडी वाचवायला निघालो होतो.

शनिवारी सकाळी दहाला दवाखान्याचं अंगण. वारा सुटलेला, डोळ्यांत वाळू. आत सी बशीर पलंगावर, तोंडातून श्वासाची नळी, शेजारी व्हेंटिलेटर. त्याला न्यायचं स्फाक्सला. रफलाने घड्याळ दाबलं. सालहाने काम सुरू केलं, ओठ हलत होते, स्वतःशीच पाढा म्हणत होती. आम्ही खिडकीखाली दबून बसलेलो. मला वाटलं, उठूच नये, सोडून द्यावं बिचारीला. पण तेवढ्यात हाज मिलूदने टाहो फोडला.

“अरे माझा बशीर! माझा भाऊ गेला रे!”

आणि मग काय! आम्ही बाराजण दारातून आत. नाटक पहिल्या दोन श्वासांपुरतं होतं, देवाशपथ. त्यानंतर कुणाला आठवत होतं, की तो रबराचा आहे? जिलानी भिंतीवर मुठी आपटायला लागला. कुणी ओरडतंय, बघत काय बसलात, कुणी म्हणतंय, गाडी काढा. मी स्वतः सालहाच्या कानाशी ओरडत होतो, “लल्ला, चल ना! लल्ला, चल!” तिचा चेहरा पांढरा फटक झाला. हात थांबले.

तिने नळी पट्टीने पुरती बांधलीही नव्हती. आणि आम्ही स्ट्रेचर उचललं.

हे आमच्याकडचं असंच आहे. घरचा माणूस आजारी पडला आणि त्याला परक्यांनी, पगारी माणसांनी उचललं, तर उद्या गावात तोंड दाखवायचं कसं? चौघांनी खांदा लावायचाच. नर्सच्या हातातून स्ट्रेचर ओढून घ्यायचं, हा आमच्या लेखी मान. तर पुढे डावीकडे मी, उजवीकडे जिलानी, मागे दोघे, आणि निघालो पळत. व्हेंटिलेटरची तार ताणली, काहीतरी निसटलं, मॉनिटर किंचाळायला लागला. आम्ही अंगणाच्या मध्यापर्यंत आलो. लझहरने सवयीने गाडी चालू ठेवली होती.

“ठेवा खाली!”

तो आवाज सालहाचा आहे हे कुणालाच कळलं नाही. बावीस वर्षांत कुणी ऐकलाच नव्हता.

“खाली ठेवा म्हटलं ना! आत्ता! इथेच!”

“इथे? मातीत?” जिलानी म्हणाला.

“त्याची छाती हलत नाहीये! नळी बाहेर आलीय, गाढवांनो! तुम्ही मेलेला माणूस पळवताय!”

आम्ही स्ट्रेचर जमिनीवर ठेवलं. मॉनिटर ओरडतोय आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उतरतोय, ब्याऐंशी, एकोणऐंशी. रफला मागे दारात उभी, हाताची घडी, तोंडातली बी चावायची थांबलेली.

सालहा गुडघ्यांवर बसली. नळी उपसून फेकली. मास्क दोन्ही हातांनी सी बशीरच्या तोंडावर दाबून धरला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की हवेची पिशवी दाबायला हात उरलेला नाही. तिने वर पाहिलं.

“जिलानी! इकडे ये. रोज ट्यूबमध्ये हवा भरतोस ना? ही पिशवी धर. मी ‘हं’ म्हटलं की दाबायची.”

जिलानीने दाबली. सी बशीरचं पोट टम्म.

“हळू रे बाबा! ट्रॅक्टरचं टायर नाहीये ते! एका हाताने. हं… सोड. थांब. हं… सोड.”

आणि छाती हलली! खरंच सांगतो, त्या रबराची छाती वर आली तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मागून कुणीतरी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणालं. ऐंशी, पंच्याऐंशी.

“हाजी, रडणं नंतर,” सालहा मान न वळवता म्हणाली. “अंगावरचा तो बर्नूस काढा, धरा इथे आडवा, वाळू येतेय तोंडावर. तू, ते बाजूचं सिलिंडर उचल, स्ट्रेचरबरोबर चालायचं, एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. आणि तू,” हे मला, “ओरडायला लागतं ना तुला? मग मॉनिटरवरचा आकडा ओरड. तेवढाच. दुसरं काही नाही.”

“अठ्ठ्याऐंशी!” मी ओरडलो.

“छान. आता उचला, आणि वळवा. परत आत.”

हाज मिलूदने बर्नूस तसाच धरून मान हलवली. “नाही हं, पोरी. उंबऱ्याबाहेर निघालेला आजारी माणूस परत आत नेत नाहीत. अपशकुन असतो.”

“मी नेते,” सालहा म्हणाली. “अपशकुन माझ्या नावावर लिहा.”

म्हातारा आमच्याकडे वळून म्हणाला, “चला, ऐकू येत नाही का रे तुम्हाला?” जणू त्याचीच कल्पना!

उचललं आम्हीच. ते तिने आमच्याकडून काढून घेतलं नाही. पण आता तिच्या शब्दावर, चालत, आणि मध्ये दोनदा थांबून. आत दवाखान्याच्या डॉक्टरने दुसरी नळी घातली. सालहाने दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, मॉनिटरची रेघ बघितली, नळी पट्टीने बांधली आणि मला जवळ ओढलं.

“दातांपाशी काय आकडा आहे नळीवर?”

“बावीस.”

“हलवल्यावर प्रत्येक वेळी बघायचं. तेवीस झाला, एकवीस झाला, तर बोंब मार.”

बोंब मारायचं काम मला पहिल्यांदाच कुणी विश्वासाने दिलं.

मग ती सिलिंडरकडे गेली. काटा पाहिला आणि पाढा मोठ्याने म्हणायला लागली, आम्हाला ऐकू येईल असा. “दहा लिटरची बाटली, काटा दीडशेवर. म्हणजे हवा दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लागते. दीडशे मिनिटं. अडीच तास.” ती वळली. “रस्ता चार तासांचा. दुप्पट धरला तर आठ. मी निघत नाही.”

भिंतीवर मूठ नाही, पत्र्यावर मूठ नाही. मुख्तार मास्तरांचा मेव्हणा आमच्यात होता, तो खाली बघत होता.

“कोठारात भरलेली आहेत,” ती त्यालाच म्हणाली. “दोन आण. काटा दोनशेवर आहे का ते आधी बघ. हिरव्या पट्ट्यात नसेल तर ती आणू नकोस.”

तो पळत गेला. तिथे पळायला हरकत नव्हती.

घड्याळात बेचाळीस मिनिटं झाली तेव्हा स्ट्रेचर गाडीत चढलं. बावीस, मी ओरडलो. सालहाने नळी, हवा, सलाईन, पंप, पुन्हा पहिल्यापासून बघितलं, आणि मागच्या बाकावर बसून म्हणाली, “अम्म लझहर, निघा. सावकाश.” गाडी फाटकातून अशी निघाली, की आम्ही बाराजण तिच्या बरोबरीने चालत शेवटच्या घरापर्यंत गेलो. रस्त्यावरचे लोक विचारायला लागले, अंत्ययात्रा कुणाची?

“जिवंत आहे तो!” जिलानी ओरडला. “मी हवा भरलीय!”

गाडी तिठ्यावरून वळून परत आली. रफला उतरली. वही उघडली. सालहा मागच्या दारात पाय खाली सोडून बसली होती, हात मांडीवर.

“सत्तरला पास,” रफला म्हणाली. “स्ट्रेचर हातातून जाऊ दिलंस, तिथे पंधरा गुण गेले. खरा पेशंट असता तर ते दीड मिनिट त्याला महागात पडलं असतं.”

“हो,” सालहा म्हणाली.

“नळी बांधायच्या आधी थांबलीस. आठ गेले.”

माझ्या डोक्यात बेरीज वजाबाकी सुरू. सत्त्याहत्तर.

“मास्क लावायच्या आधी ऑक्सिजनची तोटी पिशवीला जोडलेली आहे का हे बघितलं नाहीस. होती म्हणून वाचलीस. चार.”

“त्र्याहत्तर!” मी किंचाळलो. “त्र्याहत्तर ना? डॉक्टर, आणखी काही काढू नका हो!”

“हे तुमचे सचिव आहेत का?” रफलाने सालहाला विचारलं, आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. “त्र्याहत्तर. पास. खात्याला मी आत्ताच फोन करते. मंगळवारी गाडी येईल.”

हाज मिलूदने लग्नातल्या बायकांसारख्या जीभ हलवत अशा काही उलुल्या घातल्या, की बायकांनी लाजावं. जिलानीने हैथमला उचलून घेतलं, का ते त्यालाच ठाऊक. लझहर हॉर्न वाजवत सुटला. आणि सालहा? ती उतरली, पदर सारखा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला, आणि आमच्याकडे बोट रोखलं.

“सगळे बारा. मंगळवारी गाडी आली, की बुधवारी दहाला इथे. स्ट्रेचर कसं धरायचं, पिशवी कशी दाबायची, काटा कसा वाचायचा, शिकवणार आहे मी. आणि जो येणार नाही, त्याच्या सासऱ्याला मी नेणार नाही.”

“मग मी येतच नाही!” जिलानी म्हणाला.

“तुझ्या बायकोला निरोप पाठवते,” ती म्हणाली.

बुधवारी साडेनऊलाच तो हजर. मी पोचलो तेव्हा पिशवी कुणी आधी दाबायची यावरून त्याची आणि हाज मिलूदची अंगणात जुंपली होती, आणि सालहा मधे उभी राहून दोघांना ओळीत लावत होती.